बीएमआय प्रकृतीबद्दल काय सांगतो आणि काय सांगत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक प्रश्न आधी आणि अपवादाचे नंतर असा क्रम ठेवला आहे. एकाच मुद्द्याचा दोन ठिकाणी संबंध येतो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणतेही उत्तर डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मात्र तपासणीला जाताना काय विचारावे, हे त्यातून कळावे अशी अपेक्षा आहे.

१. बीएमआय म्हणजे काय आणि तो घरच्या घरी कसा काढायचा?

बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स, अर्थात उंचीच्या मानाने वजन किती आहे हे दाखवणारा निर्देशांक. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. वर्ग काढण्याचा त्रास नको असेल, तर वजनाला उंचीने लागोपाठ दोनदा भागावे. वजन ६४ किलो आणि उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे १.६ मीटर, असेल तर ६४ भागिले १.६ म्हणजे ४०, आणि पुन्हा ४० भागिले १.६ म्हणजे २५. हाच बीएमआय.

फूट आणि इंचांत उंची सांगणाऱ्यांची एक चूक वारंवार होते, म्हणून ती येथेच सांगतो. पाच फूट अकरा इंच म्हणजे ५.११ फूट नव्हे. एका फुटात बारा इंच असतात, त्यामुळे ही उंची ७१ इंच, म्हणजे सुमारे १८०.३ सेंटिमीटर होते, ५.११ फूट म्हणजे मात्र केवळ १५५.८ सेंटिमीटर. ८० किलो वजनाच्या माणसाने ही गल्लत केली, तर त्याचा खरा बीएमआय २४.६ असताना उत्तर जवळपास ३३ येते आणि तो विनाकारण धास्तावतो. आधी सगळे इंच करावेत, त्यांना २.५४ ने गुणावे आणि मगच पुढचे गणित करावे.

२. उंची आणि वजन मोजताना काय काळजी घ्यावी? माझा आकडा दर वेळी वेगळा येतो.

उंचीचा वर्ग होत असल्यामुळे तिच्यातील छोटी चूकही उत्तरात मोठी होऊन उतरते. वरच्याच उदाहरणात उंची १६० ऐवजी १६२ सेंटिमीटर धरली, तर बीएमआय २५ वरून २४.४ वर येतो. १५८ धरली, तर २५.६ होतो. उंची अनवाणी, भिंतीला टाच, नितंब आणि पाठ टेकवून, नजर समोर ठेवून मोजावी. मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने थोड्या दबतात, त्यामुळे सकाळची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर जास्त भरते. ऐन तारुण्यात मोजलेली उंची पन्नाशीनंतरही तशीच धरून चालणे ही चूकही सर्रास होते.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि हलक्या कपड्यांत करावे. काटा कडक फरशीवर ठेवावा, गालिच्यावर नव्हे. एका दिवसात वजन एक-दोन किलोंनी वरखाली होणे हा मुख्यतः शरीरातील पाण्याचा आणि पोटातील अन्नाचा खेळ असतो, चरबीचा नव्हे.

३. वजनाला उंचीच्या वर्गानेच का भागायचे?

प्रौढ माणसांची मोजमापे पाहिल्यावर तसे दिसले, म्हणून. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात माणसांची मोजमापे गोळा केली, तेव्हा प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. ते लठ्ठपणाचा अभ्यास करत नव्हते. समाजातील ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. पुढे १९७२ मध्ये अन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मोजमापे घेऊन वजन-उंचीची निरनिराळी सूत्रे पडताळली आणि केटले यांच्या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. त्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे सूत्र फार उंच आणि फार बुटक्या माणसांना पूर्ण न्याय देत नाही. ऑक्सफर्डचे गणितज्ञ निक ट्रेफेथेन यांनी २०१३ मध्ये वर्गाऐवजी २.५ हा घातांक घ्यावा असे सुचवले. त्या सूत्राने उंच माणसांचा आकडा थोडा खाली येतो आणि बुटक्यांचा थोडा वर जातो. ते व्यवहारात रुळले नाही. पण आपली उंची सरासरीपासून फार दूर असेल, तर बीएमआयकडे थोड्या सवलतीनेच पाहावे.

४. कोणता आकडा कोणत्या गटात येतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांसाठीच्या वर्गवारीत १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २४.९ सामान्य, २५ ते २९.९ जास्त वजन आणि ३० किंवा त्याहून अधिक असल्यास लठ्ठपणा. लठ्ठपणाचे पुढे तीन वर्ग आहेत: ३० ते ३४.९, ३५ ते ३९.९ आणि ४० च्या वर. कमी वजनाच्या बाजूला १७ च्या खाली मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र कृशता मानतात. ही वर्गवारी मुलांना लागू नाही (प्रश्न १२ पाहा).

५. माझा बीएमआय २३.८ आहे. एका अहवालात ‘सामान्य’ लिहिले आहे, दुसऱ्यात ‘जास्त वजन’. खरे कोणते?

दोन्ही अहवालांचे गणित बरोबर आहे, फक्त दोघांनी वेगवेगळा तक्ता वापरला आहे. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये, विशेषतः दक्षिण आशियाई लोकांमध्ये, त्याच बीएमआयला शरीरातील चरबीचे प्रमाण जास्त असते आणि मधुमेह व हृदयविकाराचा धोका कमी आकड्यापासूनच वाढू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने हा मुद्दा तपासून २००४ मध्ये आशियाई लोकसंख्यांसाठी २३ आणि २७.५ हे आणखी दोन टप्पे सुचवले. २३ पासून वाढलेला आणि २७.५ पासून मोठा धोका. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये मांडलेल्या एकमतात तर २३ ते २४.९ हे जास्त वजन आणि २५ पासूनच लठ्ठपणा धरला आहे.

आपण दक्षिण आशियाई वंशाचे असाल, तर आपण कोणत्याही देशात राहत असलात तरी खालचा तक्ता धरणे अधिक सावधपणाचे आहे, असे माझे मत आहे. २३.८ हा आकडा घाबरण्याचा नाही. पण कंबर मोजून पाहण्याचा (प्रश्न ९ पाहा) आणि रक्तातील साखर तपासून घेण्याचा नक्कीच आहे.

६. २४.९ ला निरोगी आणि २५ ला धोक्यात, असे एका दशांशाने काय बदलते?

काहीच बदलत नाही. धोका जिन्याच्या पायऱ्यांसारखा वाढत नाही, तो चढणीच्या रस्त्यासारखा हळूहळू वाढतो. रेषा आपण सोयीसाठी ओढलेल्या आहेत. अमेरिकेत १९९८ पूर्वी जास्त वजनाची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती. त्या वर्षी ती २५ वर आणली गेली आणि लाखो माणसे रात्रीतून ‘जास्त वजनाची’ ठरली, जरी त्यांच्या शरीरात कणभरही फरक पडला नव्हता. म्हणून रेषेच्या अलीकडे-पलीकडे असण्यापेक्षा गेल्या पाच-दहा वर्षांत आपला आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे, याकडे लक्ष द्यावे. तिशीत २१ आणि चाळिशीत २४.८ असलेली व्यक्ती तक्त्यात सामान्यच दिसते. मात्र १६५ सेंटिमीटर उंचीला या बदलाचा अर्थ दहा किलोंहून अधिक वाढ असा होतो, आणि वय वाढताना स्नायू आपोआप वाढत नसल्यामुळे ती बहुतेक करून चरबीची असते.

७. मग बीएमआयवरून प्रकृतीबद्दल नेमके काय कळते?

मोठ्या जनसमूहाबद्दल बरेच काही कळते, एका माणसाबद्दल मात्र शक्यता तेवढी कळते. बीएमआय वाढत गेला की समूहात टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, यकृतातील चरबी, पित्ताशयातील खडे, गुडघ्यांची झीज आणि झोपेत श्वास अडखळणे यांचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तेरा प्रकारच्या कर्करोगांचा संबंध शरीरातील अतिरिक्त चरबीशी जोडला. त्यांत मोठे आतडे, गर्भाशयाचे अस्तर, मूत्रपिंड आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग येतो. खालच्या टोकालाही धोका वाढतो (प्रश्न १५ पाहा).

याचा अर्थ असा नव्हे, की ३१ बीएमआय असलेल्या व्यक्तीला यांपैकी काही झालेच आहे. बीएमआय ही चाळणी आहे, निदान नाही. चाळणीवर कोण राहिले ते पाहायचे आणि त्यांची पुढची तपासणी करायची: रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी), कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी), गरजेप्रमाणे यकृताच्या चाचण्या, शिवाय घरातील आजारांचा इतिहास. ज्या सल्ल्यात आकडा सांगून झाल्यावर यांतले काहीही विचारले जात नाही, तो सल्ला अपुरा आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

८. माझा बीएमआय २२ आहे, मी जाड नाही, तरी मला मधुमेह कसा झाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या पत्रांत बहुधा एक अपराधी सूर असतो, आपण काहीतरी चुकलो असा. म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

वजनकाट्याला हाड, स्नायू, पाणी आणि चरबी यांतला भेद कळत नाही आणि बीएमआय त्या काट्यावरच उभा आहे. त्यातही चरबी कुठे साठली आहे, हे त्याला मुळीच कळत नाही. मांड्या आणि नितंबांवरील त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती साठलेली चरबी, तसेच यकृतात आणि स्वादुपिंडात शिरलेली चरबी मात्र इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. त्वचेखाली चरबी साठवण्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. ज्याची कोठी लहान, त्याची चरबी लवकर उतू जाऊन अवयवांत पोहोचते. अशी व्यक्ती बाहेरून सडपातळच दिसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दोन डॉक्टरांनी स्वतःच्याच शरीराचे दिले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपले एकत्र छायाचित्र आणि मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के होते आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एकच आकडा, आणि चरबी दुपटीहून अधिक.

त्यामुळे बीएमआय सामान्य असूनही घरात मधुमेह असेल, कंबरेचा घेर वाढला असेल किंवा गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर साखरेची तपासणी टाळू नये. आणि ज्यांना मधुमेह झाला आहे, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. ही जडणघडण बऱ्याच अंशी जन्माने, आणि जन्मापूर्वीच्या पोषणानेही, ठरलेली असते.

९. कंबरेचा घेर कुठे आणि कसा मोजायचा? पँटचा माप-क्रमांक चालेल का?

पँटचा क्रमांक चालणार नाही, कारण पँट बहुतेक वेळा पोटाच्या खाली बसते आणि मूळ घेर लपून राहतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोहोंच्या मध्यावर, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर ठेवून मोजावे. पोट आत ओढू नये. श्वास सहज सोडल्यावर जो आकडा येईल तो घ्यावा. आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेषा आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांसाठी ती ९४ आणि स्त्रियांसाठी ८० धरतात.

लक्षात ठेवायला सर्वांत सोपा नियम म्हणजे कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. १६० सेंटिमीटर उंचीला ८०, १७० ला ८५. दोरीने उंची मोजून ती दोरी दुमडली आणि कंबरेला पुरली नाही, की उत्तर मिळाले. टेपसुद्धा लागत नाही.

१०. मी नियमित वजने उचलतो. बीएमआय २७ आला. मी जास्त वजनाचा आहे का?

स्नायू त्याच आकारमानाच्या चरबीपेक्षा जड असतात, त्यामुळे कुस्ती, भारोत्तोलन किंवा रग्बी खेळणाऱ्यांच्या बाबतीत बीएमआय फसतो. आपली कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असेल आणि रक्तदाब व साखर ठीक असेल, तर २७ ची चिंता नको. मात्र आठवड्यातून दोनदा व्यायामशाळेत जाणाऱ्यानेही ‘माझे सगळे स्नायूच आहेत’ अशी समजूत करून घेऊ नये. ते ठरवण्यासाठी टेप आहे.

११. स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे आकडे का नाहीत?

त्याच बीएमआयला स्त्रियांच्या शरीरात चरबी अधिक असते, पण ती बरीचशी मांड्या आणि नितंबांवर असल्यामुळे धोका त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून रेषा एकच ठेवली आहे. रजोनिवृत्तीनंतर ही चरबी पोटाकडे सरकते. त्या वयात बीएमआय तोच राहूनही कंबर वाढू शकते आणि धोकाही.

१२. माझ्या सहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय १९ आला. हे तर सामान्यच झाले ना?

नाही, आणि ही गैरसमजूत महाग पडू शकते. मुलांचा बीएमआय वयाबरोबर बदलतो: पहिल्या वर्षात चढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि तेथून पुन्हा चढू लागतो. सहा वर्षांच्या मुलाचा १९ हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार लठ्ठपणात मोडतो. पंधरा वर्षांच्या मुलाचा तोच आकडा अगदी सामान्य असतो. पाच ते एकोणीस वर्षांपर्यंत वय आणि लिंग यांनुसार असलेल्या वाढीच्या तक्त्यावर मुलाची जागा पाहतात; मध्यापासून एक प्रमाण विचलन (मुलांचे आकडे मध्यापासून साधारण किती विखुरलेले असतात याचे माप) वर असल्यास जास्त वजन, दोन वर असल्यास लठ्ठपणा आणि दोन खाली असल्यास कृशता. पाच वर्षांखालील बालकांचे निकष याहून वेगळे आहेत.

एका मोजणीपेक्षा मुलाची रेषा तक्त्यावर आपली वाट सोडून वर किंवा खाली जात आहे का, हे बालरोगतज्ज्ञ पाहतात. आणखी एक कळकळीची विनंती: हा आकडा मुलासमोर उच्चारून त्याला नावे ठेवू नका आणि त्याला उपाशीही ठेवू नका. वाढत्या वयात बऱ्याचदा वजन घटवण्याची गरजच नसते. ते स्थिर राहिले आणि उंची वाढली, की बीएमआय आपोआप खाली येतो.

१३. गरोदरपणात बीएमआय कसा पाहायचा?

गरोदरपणापूर्वीचा किंवा अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतला बीएमआय धरतात. नंतरच्या वजनावर काढलेल्या आकड्याला अर्थ नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीनुसार, एकच बाळ असेल तर सुरुवातीला कमी वजन असलेल्या स्त्रीचे १२.५ ते १८ किलो, सामान्य वजनाच्या स्त्रीचे ११.५ ते १६, जास्त वजनाच्या स्त्रीचे ७ ते ११.५ आणि लठ्ठपणा असलेल्या स्त्रीचे ५ ते ९ किलो वजन वाढणे योग्य मानले जाते. गरोदरपण ही वजन घटवण्याची वेळ नव्हे.

१४. आईचे वय ७४ आहे. डॉक्टर म्हणतात बीएमआय २६ असला तरी चालेल. असे का?

उतारवयात थोडा जास्त बीएमआय तरुणपणाइतका घातक ठरत नाही, आणि आजारपणात शरीरातील साठा उपयोगी पडतो. त्या वयात खरी भीती स्नायू झिजण्याची असते. स्नायूंची जागा चरबीने घेतली तर वजन तेच राहते, बीएमआय तोच राहतो आणि माणूस मात्र खुर्चीतून उठताना धडपडू लागतो. शिवाय मणके खचून उंची कमी होते. ६२ किलोच वजन असलेल्या व्यक्तीची उंची १६५ वरून १६० सेंटिमीटर झाली, तर एक ग्रॅमही न वाढता बीएमआय २२.८ वरून २४.२ होतो. वृद्धांच्या बाबतीत चालण्याचा वेग, हाताची पकड आणि वजनातील घट यांना जास्त महत्त्व द्यावे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरले, तर बीएमआय कितीही असला तरी तपासणी हवीच.

१५. माझा बीएमआय १७.४ आहे. घरचे म्हणतात, आमची अंगकाठीच अशी. काळजी करावी का?

लहानपणापासून असेच असेल, मासिक पाळी नियमित असेल, दमणूक नसेल आणि वजन स्थिर असेल, तर एकदा रक्ततपासणी करून घेणे पुरेसे ठरू शकते. वजन अलीकडे उतरलेले असेल, तर क्षयरोग, थायरॉईडची अतिक्रिया, मधुमेह, आतड्यांचे विकार, नैराश्य आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार यांचा विचार व्हायला हवा. दीर्घकाळ वजन कमी राहिल्याने हाडे विरळ होतात, पाळी थांबू शकते आणि संसर्गाशी लढण्याची ताकद घटते. लठ्ठपणाच्या चर्चेत या लोकांकडे फार कमी लक्ष जाते.

१६. बीएमआय ३२ आहे. २५ च्या खाली येणे मला अशक्य वाटते. मग प्रयत्न करण्यात अर्थ आहे का?

नक्की आहे. १६० सेंटिमीटर उंची आणि ८२ किलो वजन असेल तर बीएमआय ३२ होतो. त्यातून पाच टक्के, म्हणजे सुमारे चार किलो, कमी झाले तर तो ३०.४ वर येतो. तक्त्यात गट तोच राहतो. पण पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड यांत मोजता येईल इतकी सुधारणा होते आणि गुडघ्यांवरचा भारही हलका होतो. नियमित चालण्याचा फायदा तर वजन न घटताही मिळतो. गट बदलला नाही म्हणून प्रयत्न फुकट गेले, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

१७. बीएमआय जास्त, पण सगळे अहवाल चांगले. ‘लठ्ठ पण निरोगी’ असे असते का?

असते, पण ती अवस्था कायम टिकेलच असे नाही. अशांपैकी अनेकांचा रक्तदाब किंवा साखर पुढे काही वर्षांत वाढते. लॅन्सेटच्या आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये यावर एक उपयुक्त भेद मांडला. अतिरिक्त चरबीमुळे अवयवांच्या कामावर किंवा रोजच्या हालचालींवर परिणाम झाला असेल, तर तो उपचार करण्याजोगा आजार; परिणाम झाला नसेल, तर ती आजारापूर्वीची अवस्था, जिच्यावर लक्ष ठेवायचे. चरबी खरोखर जास्त आहे की नाही, हेही केवळ बीएमआयवरून न ठरवता कंबरेचे माप किंवा चरबीची प्रत्यक्ष मोजणी घेऊन ठरवावे, असे या आयोगाचे म्हणणे आहे. ४० च्या वर मात्र चरबी जास्त आहे हे गृहीत धरता येते.

१८. चरबीची टक्केवारी दाखवणारा वजनकाटा घेतला, तर बीएमआयची गरज उरेल का?

हे काटे पायांतून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात, आणि अंगातले पाणी कमी-जास्त झाले की तो अंदाज हलतो. रोज एकाच वेळी मोजून कल पाहण्यास ते ठीक आहेत. अचूक मोजणी डेक्सा स्कॅनने, म्हणजे चरबी, स्नायू आणि हाडे वेगळी मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीने, होते, पण ती प्रत्येकाला लागत नाही. बहुतेकांना टेप पुरते (प्रश्न ९ पाहा).

१९. वडिलांचा एक पाय गुडघ्याखाली काढला आहे. त्यांचा बीएमआय कसा काढावा?

सरळ काढला तर तो खोटा कमी येतो. गुडघ्याखालचा पाय शरीराच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के असतो आणि संपूर्ण पाय सुमारे १६ टक्के. कृत्रिम पाय उतरवून वजन करावे, ते गुडघ्याखालच्या विच्छेदनासाठी ०.९४ ने आणि संपूर्ण पायासाठी ०.८४ ने भागावे, आणि उंची शस्त्रक्रियेपूर्वीची घ्यावी. ६५ किलो वजन आणि १७० सेंटिमीटर उंची असेल तर सरळ गणिताने २२.५ येतो, दुरुस्त वजन ६९.१ किलो धरल्यावर तो २३.९ होतो. पोटात पाणी झालेल्या किंवा पायांवर सूज असलेल्या रुग्णांमध्ये चूक उलट दिशेने होते: पाण्याचे वजन मिसळून बीएमआय फुगतो आणि आतली कृशता झाकली जाते. अशा वेळी दंडाचा घेर पाहणे आणि आहारतज्ज्ञांकडून पोषणाचे मूल्यमापन करून घेणे अधिक खरे ठरते.